एक झाड म्हणजे शंभर

माझ्या हुद्द्याचं नाव होतं आलेखक. नोकरीच्या सगळ्या वर्षांत हा शब्द पहिल्या झटक्यात नीट वाचणारा माणूस मला भेटला नाही. बँकेतल्या मुलीनं तो 'लेखक' असा वाचला आणि विचारलं, "काका, तुमचं पुस्तक कोणतं हाय?" रेशन कार्डावर त्याचं 'अलेखक' झालं, म्हणजे लिहिता न येणारा. ते मी दुरुस्त करून घेतलं नाही, कारण दुरुस्तीच्या अर्जावर पुन्हा हुद्दा लिहावा लागला असता. लग्न ठरताना माझ्या सासऱ्यांनाही कोणीतरी सांगितलं होतं, मुलगा लेखक आहे. ते दारव्ह्याचे शौकीन गृहस्थ. चहा झाल्यावर त्यांनी फर्माईश केली, "मियाँ, एखादा शेर होऊन जाऊ द्या." मी म्हणालो, "मी शेर लिहीत नाही, काढतो." आणि पिशवीतून कागद काढून त्यांना वाघ दाखवला. जंगलाच्या एका प्रदर्शनासाठी नुकताच केला होता. लग्न तरीही झालं.

माझं काम असं होतं. जिल्ह्याच्या गावी, यवतमाळला, आमचं ऑफिस. दहा ठिकाणांहून आकडे येत. शाळेत किती पोरं, विहिरीत किती पाणी, खाणीतून किती कोळसा, जंगलात किती रोपं. आकडे गोळा करणं माझ्याकडे नव्हतं, ते खरे की खोटे हे ठरवणं तर अजिबात नव्हतं. आलेला आकडा लोकांना दिसेल असा करायचा, एवढीच माझी नोकरी. आधी ब्रश आणि पोस्टर कलरनं, नंतर कॉम्प्युटरवर, आणि मग फ्लेक्सच्या दुकानात उभं राहून.

माझे वडील बोरी अरबला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी चालत्या एसटीतून वाचता आली पाहिजे, हा त्यांचा एकमेव नियम. मी तोच उचलला. प्रदर्शनात माणूस थांबत नाही, चालत असतो, आणि त्याचं लक्ष पुढच्या स्टॉलवरच्या फुकट सरबताकडे असतं. त्याला हजार दाखवा नाहीतर लाख दाखवा, त्याच्या लेखी दोन्ही 'लय' असतात. तेव्हा त्याच्या ओळखीचं काहीतरी शोधायचं आणि आकडा त्याच्या शेजारी उभा करायचा, हे माझ्या धंद्यातलं गुपित.

वणीला एकदा असंच प्रदर्शन होतं. तिकडच्या खाणींतून दिवसाला निघणारा कोळसा दाखवायचा होता. आकडा टनात आला. मी त्या टनांचे ट्रक केले आणि ते एकामागे एक चंद्रपूरच्या रस्त्यावर उभे केले, म्हणजे कागदावर. वाटेतली गावं, पेट्रोलपंप, ढाबे, सगळं मापात काढलं. रांग संपेचना. कागदाला कागद चिकटवत मी मंडपाच्या तीन भिंती खाल्ल्या. लोक आकडा वाचतच नव्हते. आपलं गाव शोधत होते, आणि ते सापडलं की मागे वळून रांग कुठून सुरू झाली ते पाहत होते. एका चहावाल्यानं आपली टपरी शोधली, तिच्यासमोरचे ट्रक बोटानं मोजले आणि मला म्हणाला, "भाऊ, हे तं रोजचंच हाय. याच्यात नवीन काय काढलं तुमी?" मला आजवर मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी आहे.

शाबासकी सांगितली, तर लबाडीही सांगितली पाहिजे. समजा, यंदा पाणी गेल्या सालच्या दुप्पट आलं. तर मागच्या सालचा मटका काढायचा आणि शेजारी त्याच्या दुप्पट उंचीचा. बरोबर वाटतं ना? पण मटका नुसता उंच काढला तर तो सुरईसारखा दिसतो, म्हणून पोटही दुप्पट रुंद करावं लागतं. मग कागदावर तो चौपट जागा खातो. पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय काम झालं. आकडा खाली बरोबर लिहिलेला असतो, त्यामुळे कोणी पकडूही शकत नाही. असे मटके मी पुष्कळ काढले. मला ते कळत होतं, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती.

ही मजा माझ्या अंगावर आली ती जंगूबाई टेकाम यांच्या गावामुळे.

झरी जामणी तालुक्यात, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे, जंगलाला लागून कोलाम आदिवासींचं एक लहान गाव आहे. जंगूबाई तिथल्या सरपंच. त्या साली गावानं गायरानात रोपं लावली होती. अशाच पाच-सहा चांगल्या गावांचे बोर्ड करून यवतमाळच्या प्रदर्शनात लावायचे ठरले. या गावाच्या बोर्डावर मी चाळीस झाडं काढली. हिरवीगार, गोल डोक्याची. खाली बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली : एक झाड म्हणजे शंभर रोपं. चित्रात आकडा दाखवायचा तर अशी ओळ लागतेच. तिला आम्ही सूची म्हणतो. सूचीशिवाय चित्र म्हणजे नुसती नक्षी.

आमचे साहेब बोर्ड पाहायला आले. माणूस वाईट नव्हता. हाताखालच्या लोकांवर कधी ओरडला नाही, दुसऱ्याच्या घरचं आजारपण लक्षात ठेवायचा. त्यांना फक्त बारीक अक्षरांचा राग होता.

"सय्यद," ते म्हणाले, "चित्र फक्कड झालं. पण खाली हे काय औषधाच्या बाटलीवरच्यासारखं?"

"सूची आहे साहेब."

"झाडं दिसतात ना? मग लोकांना कळतं. काढून टाक."

मी एकदा म्हणालो, की ती असलेली बरी. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. कॉम्प्युटरवर ती ओळ निवडली आणि एक बटण दाबलं. ओळ गेली. बोर्ड खरंच जास्त छान दिसायला लागला.

शेजारीच सगळ्या जिल्ह्याचा मोठा बोर्ड होता. तिथे एक झाड म्हणजे हजार रोपं होती आणि सूची ठळक अक्षरांत होती, कारण तो बोर्ड साहेबांच्या साहेबांनी पास केला होता. कोणीतरी दोन्ही बोर्डांचा फोटो मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकला. वरच्या एका ऑफिसात कोणाला तरी घाईनं अहवाल करायचा होता. त्यानं फोटोतली झाडं मोजली, शेजारच्या बोर्डावरची सूची वाचली आणि चाळीसला हजारानं गुणलं. जंगूबाईंच्या गावानं लावली त्याच्या दहापट रोपं एका दुपारी उगवली.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी पुढच्या प्रदर्शनासाठी गाई काढत होतो.

पाच-सहा महिने गेले. उन्हाळा लागला होता. एक दिवस दुपारी माझ्या टेबलापाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, काटक, कपाळावर गोंदण, हातात नायलॉनची पिशवी. दोन एसटी बदलून आल्या होत्या आणि ऑफिसातली पाच टेबलं फिरून माझ्याकडे पोचल्या होत्या.

"झाडाचे चित्र काढनारा मानूस तुमीच काय?"

"हो, मीच," मी म्हणालो. आवाजात थोडा रुबाब आला असावा.

"मंग हे झाडं कोठी हायत ते मले दाखवा."

पिशवीतून त्यांनी एक नोटीस काढली. तिला माझ्या बोर्डाच्या फोटोची झेरॉक्स जोडलेली होती. माझी नजर आधी चित्रावर गेली. झेरॉक्स काळपट निघाली होती, तरी मला बरं वाटलं, की आपलं काम कुठवर पोचलं. मग मी नोटीस वाचली. गावाच्या नावावर इतकी इतकी रोपं लावल्याची नोंद आहे. पाहणीत त्यातली दहापैकी नऊ आढळली नाहीत. निष्काळजीपणाबद्दल आपल्याला सरपंच पदावरून का दूर करू नये, याचा खुलासा सुनावणीच्या दिवशी हजर राहून करावा.

मी आकडा दोनदा वाचला. मी चाळीस झाडं काढली होती. चाळीस गुणिले शंभर. हा आकडा चाळीस गुणिले हजाराचा होता.

"आमी खुलासा लिहून देल्ला," जंगूबाई म्हणाल्या. "मास्तरच्या हातानं लिहून घेतला. जेवढी लावली तेवढी लिवली. तालुक्याचे साहेब म्हनते, आकडा वरून आला, वरचा आकडा चुकत नसते. मी म्हनलं, एवढे झाडं आमच्या गावात असते, त आमी मानसं कोठी राह्यलो असतो?"

"तुमची लावलेली जगली का?"

"जगली नाई त काय. बायांनी ओढ्यातून घागरीनं पानी वाह्यलं. पाहनीवाल्यानं मोजलं ना. त्यानं बी बरोबरच मोजलं." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "पद गेलं त जाऊ द्या जी. पर ह्या बाया काय म्हनतील? सारा हिवाळा पानी वाह्यलं अन् वरून चोर झालो."

मी नोटिशीची झेरॉक्स काढून घेतली, त्यांना पाणी दिलं, चहा पाजला, बसस्टँडवर सोडून आलो. सगळं केलं, फक्त जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही.

संध्याकाळी साहेबांना गाठलं. त्यांनी नोटिशीची झेरॉक्स वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "आकडा वर गेला आहे सय्यद. वर गेलेला आकडा खाली कसा आणणार? आणि आणला तर कुणाच्या तोंडून?" माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, त्यांच्या निवृत्तीला दोन.

तीन दिवस मी गप्प होतो. या गप्पपणाचं काही समर्थन माझ्याकडे नाही. चौथा दिवस रविवार. सकाळी माझी बायको शमीम मेथी निवडत होती. तिला मी गोष्ट सांगितली, पण सरकारी भाषेत : चित्रावरची ओळ काढण्यात आली, त्यामुळे गैरसमज झाला.

"काढण्यात आली म्हंजे?" तिनं विचारलं. "मिटाया किसने?"

"बटण मीच दाबलं."

"मग असं बोला ना," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. ती चार शब्द जास्त बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

मी उठलो. आकड्याविरुद्ध आकडा देऊन उपयोग नव्हता, ते जंगूबाईंनी करून पाहिलं होतं. कागद कागदाला हरवत नाही. पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं, आमी मानसं कोठी राह्यलो असतो. मी ठरवलं, या प्रश्नाचं उत्तर काढायचं, अगदी मापात.

गावाचा नकाशा मिळवला आणि फ्लेक्सवाल्याकडून तो जेवणाच्या टेबलाएवढा मोठा छापून घेतला. त्यावर गायरान, तलाव, शाळा, मसणवट, एकेक घर दिसत होतं. मग आमच्याच खात्याचा नियम घेतला : दोन रोपांत तीन मीटर अंतर. त्या हिशेबानं शंभर रोपांना जेवढी जागा लागते, तेवढा चौकोन नकाशाच्या मापात काढला. अंगठ्याच्या नखाएवढा झाला. हिरव्या कार्डपेपरचे असे चौकोन कापायचे होते, चारशे. शमीमनं मेथी बाजूला ठेवली आणि शिवणाची कात्री आणली. मी रेघा मारल्या, तिनं कापले. रात्रीच्या जेवणापर्यंत घरभर हिरवं झालं होतं. एक चौकोन डाळीतही सापडला.

सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी होती. ऐकणाऱ्या अधिकारी एक तरुण मॅडम होत्या. नव्यानंच रुजू झालेल्या, घाटाकडच्या, बोलायला कडक. आमच्या खात्यातर्फे साहेबांना बोलावणं होतं. बोर्ड मी केलेला म्हणून मला बरोबर घेतलं. जीपमध्ये मागच्या सीटवर माझ्याजवळ नकाशाची गुंडाळी आणि बिस्किटांचा डबा होता. साहेबांनी विचारलं, "डब्यात काय?" मी म्हणालो, "जंगल." त्यांना वाटलं मी चेष्टा करतो.

खोलीत मॅडम, त्यांचा कारकून, आमचे साहेब, मी, आणि समोर जंगूबाई. त्यांच्या मागे भिंतीला टेकून गावातल्या सात-आठ बाया बसलेल्या. मॅडमनी नोटीस वाचून दाखवली आणि विचारलं, "बाई, ही रोपं कुठं गेली?"

"आलीच नोयती, त जातीन कोठी?"

"नोंद आहे."

मी उठलो. "मॅडम, परवानगी असेल तर रोपं मी घेऊन आलो आहे." टेबलावर नकाशा पसरला आणि डबा उघडला. वरच्या पंख्यानं तेवढ्यात वीस-पंचवीस चौकोन उचलले आणि खोलीभर केले. दोन कारकुनाच्या चहात पडले. एक साहेबांच्या डोक्यावर जाऊन बसला.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

मी माप समजावून सांगितलं. एक चौकोन, शंभर रोपं, अंतर खात्याच्याच नियमाचं. "नोंदीत आहेत तेवढे सगळे चौकोन डब्यात आहेत. ते या गावात लावायचे. पण मी लावणार नाही. माझ्या हातावर कोणी भरवसा ठेवू नये. आपणच लावा."

मॅडमनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, "पंखा बंद करा."

झरीचा उन्हाळा, पत्र्याचं छप्पर आणि पंखा बंद. सगळे टेबलाभोवती उभे राहिले. बायाही उठून आल्या. मॅडमनी पहिले चौकोन गायरानात लावले. एकाला एक लागून, अगदी नीट. चाळीस मावले आणि गायरान काठोकाठ भरलं.

"आमी एवढीच लावली," जंगूबाई म्हणाल्या.

मॅडमनी डब्यात पाहिलं. डबा होता तसाच भरलेला दिसत होता. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही कडा भरल्या. शाळेचं मैदान भरलं. कारकून मदतीला आला. त्याच्या नाकावरून घाम नकाशावर टपकत होता. मसणवट भरली. मग तो तलावापाशी थांबला.

"पाण्यात लावू काय मॅडम?"

"लाव बाप्पा," मागून एक बाई म्हणाली. "आमाले घागरी वाहाव्या नाई लागनार."

तलावही भरला. कारकून म्हणाला, "शेतं मोकळी हायत." जंगूबाईंनी नकाशावर हात आडवा ठेवला. "शेतात कपाशी अन् तूर होती. तिथं जंगल होतं म्हनता, त कापूस कोनं वेचला, तुमी?" मॅडमनी मान हलवली. शेतं सोडली.

आता गावठाण उरलं. मॅडम काही न बोलता घरांवर चौकोन ठेवू लागल्या. ग्रामपंचायत गेली. अंगणवाडी गेली. एकेक घर हिरवं होत गेलं, आणि बाया आपापलं घर ओळखून सांगू लागल्या, हे माहं, हे तुहं. सगळ्यांच्या अंगातून घाम वाहत होता, पण टेबलापासून कोणी हलत नव्हतं.

"मॅडम," जंगूबाई म्हणाल्या, "ते माहं घर होय. तेवढ्या चुलीवर झाड नका लावू. सुनेले सैपाक करू द्या."

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्याच बाया हसायला लागल्या. मॅडमच्या ओठांची कडा हलली. त्यांनी तो चौकोन उचलला आणि परत डब्यात टाकला. डब्यात अजून निम्म्याहून जास्त जंगल शिल्लक होतं.

आमच्या साहेबांना काय वाटलं देव जाणे. ते खाकरले आणि म्हणाले, "एकावर एक ठेवून पाहिलं तर?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. साहेब नकाशा पाहू लागले.

"म्हणजे आकडा चूक आहे," मॅडम म्हणाल्या. "दहापट चूक आहे. कुठून आला?"

इथवर मी मजेत होतो. कबूल करतो, त्या बिस्किटांच्या डब्यावर मी खूश होतो. पण आता सगळे माझ्याकडे पाहत होते, जंगूबाईही. त्यांना अजून माहीत नव्हतं.

"माझ्या बोर्डावरून आला," मी म्हणालो. "एक झाड म्हणजे शंभर, अशी ओळ त्यावर होती. ती मी काढून टाकली. पाहणाऱ्यानं शेजारच्या बोर्डावरची हजाराची ओळ धरली."

"का काढली?"

"बोर्ड छान दिसावा म्हणून."

"कोणी सांगितलं?"

साहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या श्वासाचा आवाज मला येत होता. मी म्हणालो, "बटण माझ्या बोटानं दाबलं, मॅडम." हे खरं होतं. साहेब काही बोलले नाहीत. हेही खरं होतं.

मॅडमनी कारकुनाला लिहायला सांगितलं : नोंद चुकीची, नोटीस मागे, आणि गावानं लावलेली रोपं जवळपास सगळी जगल्याची नोंद वेगळी घ्यावी. बायांना ते मराठीतून पुन्हा एकदा समजावून सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा कारकुनानं ते कारकुनाच्या मराठीत वाचलं होतं. मग पंखा सुरू झाला, आणि नकाशावरचं सगळं जंगल पुन्हा खोलीभर उडालं.

बाहेर आल्यावर जंगूबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता आभार मानतील.

"तुमाले ठाव होतं?" त्यांनी विचारलं. "मी ऑफिसात आली त्या दिवशी?"

"हो."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग पिशवी काखेत मारली आणि बायांच्या मागे गेल्या. आजही ती सुनावणी आठवते तेव्हा लोक हसले ते आधी आठवत नाही, हा प्रश्न आठवतो.

परतताना वाटेत पांढरकवडा लागलं. तिथे साहेबांनी चहाला गाडी थांबवली. अर्धा कप झाल्यावर म्हणाले, "सय्यद, तू माझं नाव घेतलं नाहीस."

"तुम्हीही नाही घेतलं साहेब."

ते हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात मला ज्ञापन मिळालं. म्हणजे तुम्ही चूक केली, असं तुम्हालाच कळवणारं पत्र. ते फाइलला लागलं. महिनाभरानं त्या फाइलीत दुसरा काही कागद शोधताना मला समासात पेन्सिलीनं लिहिलेलं काहीतरी दिसलं. चष्मा पुसून, खिडकीपाशी नेऊन वाचलं. 'सदर ओळ माझ्या तोंडी सूचनेवरून काढण्यात आली', आणि खाली साहेबांची सही. इतकी बारीक अक्षरं मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. पण लिहिलं होतं. मी फाइल बंद केली आणि साहेबांना त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

त्यानंतरच्या शेवटच्या वर्षात मी एकही चित्र सूचीशिवाय बाहेर जाऊ दिलं नाही. मटकेही सुधारले. दुप्पट पाणी आलं की दोन मटके काढायचे, एकाच मापाचे, शेजारी शेजारी. ते तितके देखणे दिसत नाहीत. दुसऱ्या खात्यातल्या एका नव्या साहेबांनी विचारलंही, "मोठा एक का नाही काढत?" मी त्यांना पोटाचं गणित समजावून सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, "म्हणजे एकच काढला तर चौपट दिसेल?" मी म्हणालो, "म्हणूनच दोन काढतो." निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ मिळाला. सत्काराच्या बोर्डावर माझा हुद्दा 'लेखक' असा छापून आला होता.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी वणीला गेलो होतो. परत यायला दोन दिवस होते. शमीम म्हणाली, "तिकडे जाऊन या एकदा." कुठे, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एसटी, मग काळीपिवळी जीप, मग पायी.

जंगूबाई आता सरपंच नाहीत. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. पाणी दिलं, गुळाचा चहा दिला. मग म्हणाल्या, "चाला, झाडं पाहाले."

मला आत्ताच कबूल केलं पाहिजे की तोवर मी ते गायरान कधी पाहिलं नव्हतं. त्याचं चित्र काढलं होतं, नकाशा छापला होता, चारशे चौकोन कापले होते. जागेवर पाय ठेवला नव्हता. समोर कडुनिंब, करंज, आवळा, सीताफळ, काही माझ्या खांद्याएवढी, काही डोक्याच्या वर. मला वाटलं, एक फेरी मारू, दहा मिनिटांचं काम.

पण जंगूबाई पहिल्याच झाडापाशी थांबल्या. "ह्याले शेळीनं खाल्लं होतं. मेलं म्हनलं. मंग बुडातून फुटलं." पुढच्या झाडाशी थांबल्या. "हे सुनेचं. तिच्या घागरीले भोक होतं, म्हनून हे बारीक राह्यलं." त्याच्या पुढचं, "हे एका म्हतारीनं लावलं. ते गेली, झाड हाय." असं प्रत्येकाशी. कोणाला वाळवी लागली होती, कोणाखाली पोरांनी कुत्र्याचं पिल्लू पुरलं होतं, कोणाला दोन बाया रोज पाणी घालायच्या, कारण दोघींनाही वाटायचं ते आपलंच. मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात माझी ती गोल डोक्याची, एकाच साच्यातली चाळीस झाडं पाहत होतो.

ऊन डोक्यावर आलं. माझ्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली. एका कडुनिंबाच्या थोड्याशा सावलीत मी बसलो, चपला काढल्या आणि विचारलं, "झालं काय बाई?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. जिथून निघालो होतो तिथपर्यंत बोटानं मोजत गेल्या, ओठ हलत होते. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "उठा जी. अजून तुमच्या बोर्डावरचं एक झाड बी पुरं नाई झालं."